घरच्या व्यायामाच्या व्हिडिओत किती कॅलरी खर्च होतात आणि वहीत कोणता आकडा लिहावा?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. वय ३८, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी ३० मिनिटांचा व्यायामाचा व्हिडिओ लावता, आणि खालच्या मजल्यावर आजारी आजोबा असल्यामुळे उड्या मारण्याचे प्रकार टाळून त्यांच्या जागी पावले टाकता. व्हिडिओच्या शीर्षकात ४०० कॅलरी लिहिलेले असते, मनगटावरचे घड्याळ २८५ दाखवते आणि नोंदीच्या अ‍ॅपमध्ये ‘लो इम्पॅक्ट एरोबिक्स’ निवडले की १६८ हा आकडा येतो, तर यांतला कोणता लिहावा? याशिवाय शेवटी जाता जाता तुम्ही सांगितले आहे की घड्याळ दाखवते त्याच्या निम्म्या कॅलरी रात्रीच्या जेवणात जास्त घेता आणि तीन महिन्यांत वजन जागचे हललेले नाही. मला वाटते, तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे, कारण वहीतला आकडा नुसता वहीत राहत नाही, तो ताटात येतो.

आधी उत्तर सांगते आणि मग कारणे देते. तीनपैकी कोणताही आकडा लिहू नका. तुमच्या वजनाला आणि तुम्ही वर्णन केलेल्या व्यायामाला अनुसरून दर सत्रासाठी १०० लिहा आणि महिनाभर तो बदलू नका. हा आकडा ऐकून निराशा होईल याची मला कल्पना आहे. गेली सोळा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मी तो अनेकींना सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी समोरचा चेहरा उतरलेला पाहिला आहे. पण तो कसा येतो हे एकदा नीट समजले, तर पुढे कोणताही व्हिडिओ लावला तरी तुमचे तुम्हालाच गणित मांडता येईल.

शरीर किती ऊर्जा खर्च करते हे नेमके मोजायचे असेल, तर प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा लावून माणूस किती प्राणवायू वापरतो ते मोजतात, आणि एक लिटर प्राणवायूमागे साधारण ५ किलोकॅलरी असा हिशेब धरतात. (आपण व्यवहारात ज्याला कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते, आणि मीही खाली त्याच अर्थाने तो शब्द वापरला आहे.) घरात हे शक्य नसल्यामुळे मेट या एककाचा आधार घ्यावा लागतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचा प्राणवायूचा वापर दर किलो वजनामागे दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर मानला आहे आणि त्याला १ मेट म्हणतात. एखाद्या हालचालीत त्याच्या चौपट प्राणवायू लागत असेल तर ती हालचाल ४ मेटची. बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शेकडो हालचालींच्या मेटमूल्यांची सारणी प्रसिद्ध केली आणि पुढे २०००, २०११ आणि २०२४ मध्ये ती सुधारली. तुम्हाला अ‍ॅपमध्ये दिसणारे बहुतेक आकडे फिरून फिरून या सारणीपाशीच पोहोचतात.

सूत्र सोपे आहे. मेट गुणिले ३.५ गुणिले किलोमधले वजन, आणि या गुणाकाराला २०० ने भागले की दर मिनिटाच्या कॅलरी मिळतात. तुमच्या ६४ किलो वजनाला १ मेट म्हणजे मिनिटाला १.१२ कॅलरी. हा १.१२ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढचे सगळे गणित त्याच्यावरच चालते.

आता तुमचे तीन आकडे याच मापाने तपासू. ३० मिनिटांत ४०० म्हणजे मिनिटाला १३ पेक्षा जास्त कॅलरी, आणि तुमच्या वजनाच्या व्यक्तीसाठी ते जवळजवळ १२ मेट होतात. सारणीत ताशी १२ किलोमीटर वेगाने धावण्याचे मूल्य जवळपास एवढेच आहे. म्हणजे तो आकडा खरा ठरायचा असेल तर तुम्हाला अर्धा तास, मध्ये एकदाही न थांबता, त्या वेगाने धावावे लागेल. दिवाणखान्यातल्या चटईवर, उड्या न मारता, तसे होणे शक्य नाही. पडद्यावरचा प्रशिक्षक ८५ किलोचा असला तरीसुद्धा त्याला ४०० साठी अर्धा तासभर सरासरी ९ मेटची पातळी टिकवावी लागेल, आणि तीही बोलत बोलत, सूचना देत. व्हिडिओच्या शीर्षकातला आकडा बघणाऱ्याचे वजन न विचारता लिहिलेला असतो, एवढ्यावरूनच तो नोंदीसाठी बाद करावा.

अ‍ॅपचा १६८ हा आकडा कोठून आला हे मात्र लगेच सापडते. सारणीत लो इम्पॅक्ट एरोबिक्सला ५ मेट दिलेले आहेत, आणि ५ गुणिले १.१२ गुणिले ३० म्हणजे बरोबर १६८. गणितात चूक नाही. चूक गृहीतकात आहे, ती अशी की तुम्ही पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सारखा व्यायाम करत होता. त्याच सारणीत व्हिडिओ लावून केलेल्या व्यायामासाठी वेगळ्या नोंदीही आहेत, आणि त्या फार थोड्यांना माहीत असतात. योग आणि ताण देण्याच्या हलक्या व्हिडिओला २.३, दमसास आणि ताकद एकत्र असलेल्या मध्यम तीव्रतेच्या व्हिडिओला ४, आणि त्याच प्रकारच्या जोरकस व्हिडिओला ६. तुम्ही लिहिले आहे की मुख्य व्यायाम चालू असताना मुलीशी दोन-चार शब्दांची वाक्ये बोलता येतात, पण सलग बोलता येत नाही. यावरून मुख्य भाग ६ च्या जवळपास आणि पूर्ण सत्र मात्र ४ च्या आसपास असावे, असा माझा अंदाज आहे.

हा अंदाज हवेत राहू नये म्हणून माझी पद्धत सांगते. अशा व्हिडिओबद्दल कोणी विचारले की मी तो व्हिडिओ व्यायाम न करता एकदा पूर्ण पाहते. हातात स्टॉपवॉच आणि समोर कागद. मागच्या पावसाळ्यात तुमच्यासारखाच एक ३० मिनिटांचा व्हिडिओ मी अशा प्रकारे तपासला, तेव्हा नमस्कार, ओळख आणि सूचना मिळून ३ मिनिटे गेली होती. पुढची ५ मिनिटे जागच्या जागी चालणे, खांदे फिरवणे अशा तयारीची होती. ४० सेकंद काम आणि २० सेकंद थांबणे अशा फेऱ्यांचा मुख्य भाग १६ मिनिटांचा, मध्ये पाणी पिण्यासाठी दोनदा मिळून २ मिनिटे, आणि शेवटी ताण देण्याची ४ मिनिटे. कागदावर मी पहिल्या ३ मिनिटांना आणि पाण्याच्या २ मिनिटांना १.५ मेट दिले, तयारीला ३, मुख्य भागाला ६ आणि ताणांना २.३. मुख्य भागातली २० सेकंदांची थांबण्याची वेळ मी मुद्दाम वेगळी काढली नाही, कारण दम खाली बसायच्या आत पुढची फेरी सुरू होते आणि त्या २० सेकंदांतही शरीर प्राणवायू भरपूर घेतच असते. प्रत्येक भागाची मिनिटे त्याच्या मेटने गुणून सगळ्याची बेरीज केली की १२७.७ येते, म्हणजे मिनिटाला सरासरी ४.३ मेट. तुमच्या १.१२ ने गुणले तर १४३ कॅलरी. सारणीतल्या ४ मेटच्या नोंदीने १३४ येतात. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आकडे इतके जवळ आले की मला थोडा विश्वास वाटू लागतो.

तुमच्या व्हिडिओत या मिनिटांची वाटणी निराळी असेल, म्हणून एखाद्या रविवारी हे एकदा करून पाहाच. कुकरची शिट्टी झाली म्हणून व्हिडिओ थांबवून तुम्ही आत जाता, ती मिनिटे व्हिडिओत मोजली जात नाहीत, पण घड्याळात मात्र व्यायामाची मिनिटे म्हणून चढतात, हेही लक्षात ठेवा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. हे १४३ एकूण आहेत. व्यायाम न करता तुम्ही तो अर्धा तास सोफ्यावर बसून काढला असता, तरी हृदय, मेंदू, यकृत आणि श्वासोच्छ्वास यांच्यासाठी शरीराने काही ऊर्जा खर्च केलीच असती, आणि अ‍ॅपने तुमच्या दिवसभराच्या गरजेत ती आधीच धरलेली असते. म्हणून व्यायामामुळे जास्तीचे काय गेले हे पाहायचे तर प्रत्येक मिनिटामागे १ मेट वजा करायला हवा. १२७.७ मधून ३० गेले, ९७.७ राहिले, आणि त्यांना १.१२ ने गुणले की सुमारे ११० कॅलरी येतात. यालाच मी निव्वळ खर्च म्हणते. काही घड्याळांत ‘सक्रिय’ आणि ‘एकूण’ असे दोन आकडे वेगळे दिसतात. तुमच्या घड्याळात तशी सोय असेल तर निदान एकूण आकडा तरी वहीत उतरवू नका.

मग ११० न सांगता मी १०० का सांगितले? याला कारण खुद्द त्या १ मेटमध्ये आहे. ३.५ मिलिलिटर हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लागू पडत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६९ प्रौढांची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा स्वस्थ स्थितीतला सरासरी वापर २.६ मिलिलिटरच निघाला. स्वस्थ स्थितीतली ऊर्जा मुख्यतः चरबीविरहित वजनावर अवलंबून असते, आणि या बाबतीत आपण भारतीयांनी विशेष सावध असावे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काट्यावर सारख्याच दिसणाऱ्या दोन शरीरांत स्नायू किती वेगळे असू शकतात हे त्या एका चित्रातून जेवढे कळते तेवढे पानभर मजकुरातूनही कळत नाही, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी ते सांगते. तुमचे वय, उंची आणि वजन घेऊन मिफ्लिन–सेंट जिओर या १९९० च्या सूत्राने हिशेब केला, तर स्वस्थ स्थितीतला खर्च दिवसाला सुमारे १२६५ कॅलरी, म्हणजे तासाला सुमारे ५३ येतो. मेटच्या ठोकळ प्रमाणाने तोच ६७ धरला जातो. ५३ धरून वरचे गणित पुन्हा केले की निव्वळ खर्च ८६ च्या आसपास निघतो. ८६ आणि ११० या दोहोंच्या मधला, लक्षात ठेवायला सोपा आकडा म्हणून १००.

घड्याळाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमचा विश्वास सर्वांत जास्त त्याच्यावर आहे. मनगटी घड्याळ कॅलरी मोजत नाही. हिरव्या प्रकाशाच्या साहाय्याने ते नाडीचे ठोके ओळखते, हाताची हालचाल टिपते आणि त्यावरून कॅलरींचा अंदाज बांधते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणे तपासली होती. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. त्यानंतर उपकरणे सुधारली आहेत, तरी अडचणीचे मूळ तेच आहे: ठोके वाढण्याची कारणे अनेक असतात, आणि त्यांतले एकच कारण म्हणजे जास्तीचा प्राणवायू. मे महिन्यात पंखा बंद असलेल्या दमट खोलीत तोच व्यायाम केला की अंग थंड ठेवण्यासाठी हृदय जलद चालते, पण स्नायूंनी केलेले काम तेवढेच असते. डंबेल धरून स्क्वॉट करताना किंवा प्लँकमध्ये श्वास रोखून धरला की ठोके आणि रक्तदाब चढतात, पण प्राणवायूचा वापर त्या मानाने वाढत नाही. चहा, अपुरी झोप, मनावरचा ताण, या सगळ्यांचे ठोके घड्याळ व्यायामाच्या खात्यात जमा करते.

आणि एक बारीक गोष्ट, जी मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या हाताकडे पाहून शिकले. घड्याळ आणि बांगड्या एकाच मनगटात असतात. हात वर झाला की बांगड्या कोपराकडे सरकतात, खाली आला की घड्याळावर येऊन आपटतात, आणि घड्याळाची पाठ कातडीपासून क्षणभर सुटते. पट्टाही सैल असेल तर हाताच्या हालचालीची लयच ठोक्यांची लय म्हणून वाचली जाऊ शकते. घड्याळ दुसऱ्या हातात, मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधा. तुमच्या २८५ चा अर्थ साडेआठ मेट असा होतो, आणि सारणीत दंडबैठका, उड्या असा जोरकस व्यायाम ८ वर आहे. बोलता येण्याइतपत दमात साडेआठ मेट होणे मला पटत नाही.

मेटच्या सारणीलाही मी शेवटचा शब्द मानत नाही, हेही इथे स्पष्टपणे सांगायला हवे. सूर्यनमस्काराचे उदाहरण घ्या. २०११ च्या सारणीत त्याला ३.३ मेट आहेत. दोन वर्षांहून अधिक सराव असलेल्या सहा तरुण भारतीयांवर केलेल्या, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र ६० किलोच्या व्यक्तीसाठी ३० मिनिटांत सरासरी २३० कॅलरी, म्हणजे सुमारे ७.३ मेट, असा निष्कर्ष आला. नाव एकच, आकडा दुपटीहून जास्त. कोणी श्वासाबरोबर संथपणे घालतो, कोणी न थांबता एकामागून एक. म्हणून व्यायामाचे नाव पाहून मेट ठरवण्यापेक्षा स्वतःचा दम पाहून ठरवा. गाणे गुणगुणता येत असेल तर ३ च्या खाली, गप्पा मारता येतात पण गाता येत नाही तर ३ ते ६ च्या दरम्यान, आणि काही शब्दांनंतर श्वास घ्यावाच लागत असेल तर ६ किंवा त्याहून वर.

व्यायामानंतरही कितीतरी तास चरबी जळत राहते असे अनेक व्हिडिओंत सांगतात. व्यायामानंतर प्राणवायूचा वापर काही काळ वाढलेला असतो हे खरे, पण तो जास्तीचा खर्च व्यायामाच्या निव्वळ खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्के इतकाच असतो. तुमच्या बाबतीत ६ ते १५ कॅलरी. तो लिहू नका.

आता नोंदीविषयी. माझ्याकडच्या वहीत कॅलरीचा रकाना सर्वांत शेवटी असतो, आणि तो शेवटी असण्याला अर्थ आहे. आधी तारीख आणि व्हिडिओची ओळख पटेल असे दोन शब्द, मग प्रत्यक्ष हालचाल झालेली मिनिटे, मग दम ० ते १० च्या पट्टीवर किती लागला तो अंक, आणि मुख्य भाग संपल्याबरोबर मोजलेली नाडी. या झाल्या तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी. कॅलरी मात्र त्यांच्यावरून काढलेला अंदाज आहे, आणि उद्या सूत्र बदलले तर पहिल्या चार रकान्यांवरून तो पुन्हा काढता येईल. फक्त कॅलरी लिहून ठेवणाऱ्यांना ही सोय राहत नाही. उदाहरणार्थ, ‘मंगळवार, खुर्चीचा व्हिडिओ, २१ मिनिटे, दम ६, नाडी १३८, १०० कॅलरी’ एवढी एक ओळ पुरे. लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि अंगावरचा घाम पुसायच्या आधी लिहिली तरच ती खरी उतरते. रात्री आठवून लिहिलेला दमाचा अंक जवळजवळ नेहमी एक-दोनने वाढलेला असतो.

अ‍ॅप वापरत राहणार असाल तर एक तपासणी आजच करा. सुरुवातीला अ‍ॅपने तुमची दिनचर्या विचारली असेल, तेव्हा तुम्ही ‘बैठी’ निवडली होती की ‘मध्यम सक्रिय’? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या प्रमाणांनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीची रोजची गरज बैठ्या कामासाठी १६६० आणि मध्यम श्रमासाठी २१३० कॅलरी आहे. फरक ४७० चा. ‘मध्यम सक्रिय’ निवडून वर रोजच्या व्यायामाची वेगळी नोंद केली, तर तोच व्यायाम दोनदा मोजला गेला, आणि घड्याळही अ‍ॅपशी जोडलेले असेल तर कदाचित तीनदा. अशी तिहेरी नोंद मी अनेकींच्या फोनमध्ये पाहिली आहे. दिनचर्या ‘बैठी’ ठेवा, घड्याळाची जोडणी काढा आणि व्यायाम एकाच ठिकाणी, हाताने, १०० म्हणून भरा.

इथपर्यंतचा हिशेब एकत्र ठेवून तुमच्या वजनाकडे पाहू. घड्याळाच्या २८५ च्या निम्म्या, म्हणजे साधारण १४० कॅलरी तुम्ही जेवणात जास्त घेता. व्यायामाने जास्तीच्या गेल्या सुमारे १००. प्रत्येक सत्रामागे ४० कॅलरी उलट जमा होत आहेत. तीन महिने मन लावून व्यायाम करूनही वजन का हलले नाही याचे उत्तर मला तरी एवढ्यात मिळते, आणि त्यात तुमच्या चिकाटीचा काहीही दोष नाही. तुम्ही निम्म्याच घेतल्या, यात सावधपणा होता. पण मूळ आकडाच जवळजवळ तिप्पट असला की त्याचा निम्मा भागही जास्तच भरतो. १४० कॅलरी म्हणजे काय हेही पाहून ठेवा: एक मध्यम पोळी आणि वर चमचाभर तूप. ताटात ते दिसतसुद्धा नाही.

शिवाय शरीर स्वतःही थोडी काटकसर करते. १७५४ प्रौढांच्या मोजणीवर आधारलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की हालचालीने वाढलेल्या खर्चापैकी सरासरी २८ टक्के शरीर इतरत्र कमी खर्च करून भरून काढते. हे प्रमाण माणसागणिक वेगळे असते, त्यामुळे मी ते नोंदीतून वजा करत नाही. मात्र याच कारणाने माझा सल्ला असा आहे की, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू नसेल तर, अर्ध्या तासाच्या घरगुती व्यायामासाठी जेवणात वेगळे काही वाढवू नये. खरोखर भूक लागली तर खा. भूक पोटाने सांगू द्या, घड्याळाने नको.

आकडा बरोबर आहे की नाही हे शेवटी वजनाच्या काट्यावर पडताळता येते, पण एका दिवसाच्या वजनावर नाही. मीठ, मासिक पाळी आणि पोट साफ होणे न होणे यांनी दोन दिवसांत एक किलोचा फरक सहज पडतो. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, रोज वजन लिहा आणि सात दिवसांची सरासरी काढा. पहिल्या आठवड्याची सरासरी आणि त्यानंतर चार आठवड्यांनी आलेली सरासरी यांची तुलना करा. शरीरातील एक किलो चरबीमागे साधारण ७७०० कॅलरी धरतात. म्हणून सरासरी अर्धा किलो उतरली, तर दिवसाला सुमारे १३५ कॅलरींची तूट पडली असे समजावे. तुमच्या वहीतली तूट याहून फार मोठी दिसत असेल, तर व्यायामाचा आकडा फुगलेला आहे किंवा खाण्यातली एखादी गोष्ट लिहायची राहिली आहे. बहुतेक वेळा भाजीतले तेल आणि चहातली साखर निसटलेली असते.

पुढे काही महिन्यांनी तुम्हाला एक अनुभव येईल, त्याची आत्ताच कल्पना देऊन ठेवते. ठाण्याच्या एक बँकेत काम करणाऱ्या बाई माझ्याकडे गुडघ्यासाठी येत असत. चार महिने त्यांनी एकच व्हिडिओ नेमाने केला, आणि सुरुवातीला २४० दाखवणारे घड्याळ १९० वर आले. व्यायाम वाया चालला असे वाटून त्या रडवेल्या होऊन आल्या होत्या. त्यांची वही उघडली, तर व्यायामाच्या शेवटची नाडी १४८ वरून १३१ वर आलेली, दमाचा अंक ७ वरून ५ वर आलेला, आणि वजन ७० वरून ६८. मेटच्या हिशेबाने त्यांचा खरा खर्च वजनाच्या प्रमाणात, म्हणजे फार तर ३ टक्क्यांनी कमी झाला होता. हृदय मात्र तेच काम कमी ठोक्यांत करू लागले होते. घड्याळाने त्यांच्या प्रगतीची नोंद घट म्हणून केली होती. ते दोन रकाने वहीत नसते तर मलाही त्यांना हे दाखवून देता आले नसते.

काही परिस्थितींत वरचे गणित बदलते. रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर ठोके औषधाने दाबलेले असतात, तेव्हा नाडीवर किंवा घड्याळावर विसंबू नका, दमाच्या अंकावरच चाला. थायरॉइडच्या तक्रारीवर उपचार नीट बसलेले नसतील तर स्वस्थ स्थितीतला खर्चच वेगळा असतो. व्यायामात छातीत दडपण किंवा घेरी आली तर नोंद बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. वजन तीन-चार किलोंनी बदलले की पहिल्या पानावरचा १.१२ पुन्हा काढा.

एक शेवटची गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करावी. पाच दिवस ३० मिनिटे म्हणजे ती भरली असे तुम्ही धरले असणार. पण मी वर मोजलेल्या व्हिडिओत तयारी आणि मुख्य भाग मिळून २१ मिनिटेच होती, म्हणजे आठवड्याची १०५. उरलेल्या ४५ मिनिटांसाठी आणखी एखादा व्हिडिओ शोधू नका. व्यायाम नसलेले दोन दिवस आणि मधला एखादा दिवस धरून रात्रीच्या जेवणानंतर १५-१५ मिनिटे इमारतीच्या आवारात झपाझप चाला. तुमच्या वजनाला अशा एका फेरीत सुमारे ५० कॅलरी निव्वळ जातात, पायांच्या आवाजाचा खालच्या आजोबांना त्रास नाही, आणि वहीत ती ओळ लिहायला दहा सेकंद पुरतात.